सीएमएस निवडायला चार महिने लागले, त्याची ही गोष्ट

होस्टिंगवाल्यांची मेल आली की पीएचपी ५.६, म्हणजे साइट ज्या भाषेत लिहिलेली आहे तिचं जुनं व्हर्जन, आम्ही बंद करतोय, साइट नवीन व्हर्जनवर आणा. संस्थेत कोणालाच त्याचा अर्थ लागला नाही, मेल फिरत फिरत माझ्यापर्यंत आली, आणि मी कोड उघडून बघितला तर सगळीकडे डेटाबेसला जोडणारी ती जुनी फंक्शन्स, जी पीएचपी ७ मधून २०१५ सालीच काढून टाकलेली आहेत. म्हणजे व्हर्जन बदललं त्या दिवशी साइट कोरी पांढरी. ज्याने ही साइट बनवली तो मुलगा केव्हाच दुसऱ्या कामाला लागला होता. त्याने स्वतःचंच एक छोटं सीएमएस, म्हणजे साइटवर मजकूर टाकायचं आणि सांभाळायचं सॉफ्टवेअर, लिहिलं होतं, त्या काळाच्या मानाने वाईट नव्हतं, पण ते फक्त त्यालाच कळत होतं.

संस्था छोटी. एक त्रैमासिक निघतं, वर्षभर कार्यशाळा होतात, त्यांच्या सूचना असतात, अधूनमधून अहवाल. साइटवर नऊशेच्या आसपास लेख, चार हजार फोटो, त्रैमासिकाच्या जुन्या अंकांच्या तीनशे पीडीएफ. लिहिणारी माणसं चार, साइटवर टाकणारं माणूस एकच, त्या म्हणजे ऑफिसमधल्या ताई. डेव्हलपर शून्य. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा होता, पण पहिल्या दोन मीटिंगमध्ये त्याचा विषयच निघाला नाही.

पहिल्या मीटिंगमध्ये काय झालं ते सांगण्यात फार अर्थ नाही, अध्यक्षांना होमपेजवर सरकणारे फोटो हवे होते आणि खजिनदारांना सगळं फुकट हवं होतं. दुसऱ्या मीटिंगला मी गुणांचा तक्ता करून नेला, डावीकडे फीचर्स, वर सीएमएसची नावं, बरोबरच्या खुणा. सगळ्यांना तो खूप आवडला आणि त्यातून काहीही ठरलं नाही, कारण प्रत्येक सीएमएसला जवळजवळ प्रत्येक खूण मिळत होती. अनेक भाषा? सगळ्यांत जमतं. परवानगीचे टप्पे? जमतं. 'जमतं' म्हणजे मुळातच आहे, की प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकून होतं, की तीन दिवस कोणीतरी बसलं तर होतं, हे तक्त्यात दिसत नाही ना. तो तक्ता मी फाडला आणि वेगळं काहीतरी केलं, त्यावरच मला जास्त लिहायचंय.

आधी चार पर्याय शिल्लक ठेवले. वर्डप्रेस, ड्रुपल, ह्यूगो (तिन्ही मोफत, आपल्या सर्व्हरवर टाकायची), आणि एक तयार बिल्डर, म्हणजे ज्यात साइट त्यांच्याच सर्व्हरवर राहते आणि आपण महिन्याचे पैसे भरतो. बिल्डर पहिल्याच आठवड्यात बाद झाला. वापरायला तो सगळ्यात सोपा होता हे मान्य, पण मी विचारलं की उद्या सोडायचं ठरलं तर नऊशे लेख बाहेर कसे काढायचे, तर उत्तर असं की मजकुराचा काही भाग काढता येईल, साइट नाही. एकदा होरपळलेल्या संस्थेला हे परवडणारं नव्हतं. एका तरुण स्वयंसेवकाने हेडलेसचा आग्रह धरला, मागे एक सीएमएस आणि पुढे वेगळं बनवलेलं फ्रंटएंड, म्हणजे लोकांना दिसणारी बाजू. कल्पना चुकीची नाही, अ‍ॅप आणि साइट दोन्हीकडे एकच मजकूर जाणार असेल तर मीही तेच सुचवीन, पण इथे अ‍ॅप नव्हतं, आणि एकाच्या जागी दोन गोष्टी सांभाळायच्या, त्याही डेव्हलपर नसताना. त्याला म्हटलं, तू पुढची पाच वर्षं आहेस का? तो हसला आणि विषय संपला.

उरलेले तिन्ही मी एका स्वस्त सर्व्हरवर टाकले, अगदी साधे, जवळजवळ जसे येतात तसे. आणि ताई आणि दोन लेखक, अशा तिघांना एकच काम दिलं. एका कार्यशाळेची सूचना टाका, तिला एक फोटो आणि एक पीडीएफ जोडा, कार्यशाळा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला आहे असं धरा. टाकून झाल्यावर तारीख बदलून १८ करा. बस. मी शेजारी बसणार पण बोलणार नाही. (न बोलणं हा सगळ्यात अवघड भाग होता, दोनदा जीभ चावली.)

ह्यूगोपासून सुरुवात केली कारण मनातून मला तोच हवा होता. २०१३ पासून आहे, गो भाषेत लिहिलेला, डेटाबेस नाही, साध्या फाइलींमधून आख्खी साइट काही सेकंदांत तयार होते, हॅक करायला सर्व्हरवर काही चालूच नसतं. फाइली लिहायला त्रास नको म्हणून वर एक छोटा एडिटर बसवलाच होता, पण एका लेखकाला म्हटलं तुम्ही थेट फाइलच लिहून बघा. त्यांनी शीर्षक दिलं, 'कार्यशाळा: नावनोंदणी सुरू', आणि साइट बनायचीच थांबली. कारण त्या फाइलीच्या डोक्यावर जी माहिती असते तिच्यात विसर्गचिन्हासारखं दिसणारं ते अपूर्णविराम आणि पुढची मोकळी जागा याला स्वतःचा अर्थ असतो, शीर्षक अवतरणात घातलं नाही तर गाडी तिथेच अडते. मराठी शीर्षकांत अपूर्णविराम किती येतात ते मी सांगायला नको.

पण खरी गंमत ताईंची. त्यांनी एडिटरमध्ये सगळं नीट भरलं, 'तारीख' असा रकाना दिसला, त्यात १५ तारीख टाकली, सेव्ह केलं. सूचना दिसेना. कुठे एरर नाही, कुठे लाल रंग नाही, सूचना गायब. 'अहो, मी टाकलंय की, मग दिसत का नाही?' झालं असं होतं की ह्यूगोसाठी ती तारीख म्हणजे लेख प्रसिद्ध होण्याची तारीख, आणि पुढची तारीख असलेला मजकूर तो मुळात बनवतच नाही, वेगळं सांगितल्याशिवाय. ताईंच्या डोक्यात तारीख म्हणजे कार्यशाळेची तारीख. चूक कोणाची? मला तर ताईंची वाटली नाही.

वर्डप्रेसमध्ये त्यांनी अगदी तीच गोष्ट केली! वर्डमधून मजकूर चिकटवला, तो व्यवस्थित आला, फोटो आला, पीडीएफ आली, उजवीकडे तारखेवर क्लिक करून १५ टाकली. बटणावरचा शब्द 'पब्लिश'चा 'शेड्यूल' झाला, तो त्यांनी वाचला नाही, कोण वाचतं. शिवाय तिथे बटण दोनदा दाबावं लागतं, पहिल्यांदा दाबलं की 'नक्की ना?' असं विचारणारी पट्टी उघडते, तर दुसऱ्या लेखकाने एकदाच दाबून उठायची तयारी केली होती.

आणि ड्रुपलमध्ये हे झालंच नाही. कारण तिथे मी सुरुवातीलाच 'कार्यशाळा' नावाचा मजकुराचा प्रकार केला होता आणि त्याला चार रकाने दिले होते, कार्यशाळेची तारीख, ठिकाण, फोटो, पीडीएफ. ड्रुपलमध्ये हे सगळं मूळ गाभ्यातच आहे, माऊसने करता येतं, आणि होऊन गेलेल्या कार्यशाळा यादीतून आपोआप काढायची सोयही २०१५ च्या आठव्या व्हर्जनपासून आतच आहे. ताईंनी फॉर्म भरावा तसा भरला, चार मिनिटं लागली, तारीख बदलायला अर्धं मिनिट. मी गप्प बसून बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं की आपण दोन महिने 'कुठलं सीएमएस' असं विचारत बसलो, पण संस्थेकडे काय काय प्रकारचा मजकूर आहे आणि प्रत्येकाला कुठले रकाने लागतात हे एका कागदावरसुद्धा लिहिलेलं नाही. त्या संध्याकाळी लिहिलं. पाच प्रकार निघाले: लेख, कार्यशाळा, सूचना, अंक, अहवाल. जुन्या साइटवर हे पाचही 'पेज' या एकाच डब्यात कोंबलेले होते, म्हणून तर होऊन गेलेल्या कार्यशाळा वर्षानुवर्षं होमपेजवर लटकत राहायच्या.

मग ड्रुपल का नाही घेतलं? घेणारच होतो खरं तर. पण तो शून्य डेव्हलपरचा आकडा आडवा आला. ड्रुपल ७ आलं २०११ च्या जानेवारीत, ८ आलं २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि ७ वरून ८ वर जाणं म्हणजे अपग्रेड नव्हतं, साइट पुन्हा बांधणं होतं, आतला पायाच बदललेला. इतक्या जणांना ते जमलं नाही की ७ चा आधार बंद करण्याची तारीख पुढे पुढे सरकत शेवटी ५ जानेवारी २०२५ पर्यंत गेली. ८ नंतर हा त्रास पुष्कळ कमी झालाय, ९ आणि १० वर जाणं तुलनेने सरळ आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ८ संपलं नोव्हेंबर २०२१ ला, ९ संपलं नोव्हेंबर २०२३ ला, म्हणजे दर थोड्या वर्षांनी काळ्या स्क्रीनवर कमांड देऊ शकणारं कोणीतरी लागणारच. मी असेन तोवर मी करीन. पण मी म्हणजे त्या आधीच्या मुलासारखाच की! एक माणूस, त्यालाच कळणारी साइट. पोरगं बदललं, गोष्ट तीच.

तर वर्डप्रेस घेतलं, आणि ड्रुपलकडून शिकलेली गोष्ट त्यात घातली. वेगवेगळे मजकूर-प्रकार वर्डप्रेसमध्येही २०१० च्या ३.० व्हर्जनपासून नीट करता येतात, फक्त त्यासाठी थोडा कोड लिहावा लागतो किंवा प्लगइन. हा कोड मी थीममध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या भागात) न टाकता वेगळ्या छोट्या प्लगइनमध्ये टाकला, कारण थीम बदलली की थीममध्ये नोंदवलेले प्रकार अ‍ॅडमिनमधून दिसेनासे होतात, मजकूर डेटाबेसमध्ये असतो पण लोकांना वाटतं सगळं गेलं. रकान्यांसाठी तयार प्लगइन आहेत, चांगले आहेत, तरी चारच रकाने असल्यामुळे हाताने लिहिले. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑटोमॅटिक (वर्डप्रेसच्या सहसंस्थापकाची कंपनी) आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्या भांडणात डब्ल्यूपी इंजिनकडे असलेल्या, रकान्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध प्लगइनची मोफत आवृत्ती वर्डप्रेस डॉट ऑर्गने ताब्यात घेऊन नाव बदलून चालू ठेवली आणि डिसेंबरमध्ये कोर्टाच्या आदेशानंतर परत दिली, तेव्हा चारशे ओळी हाताने लिहिल्याचं वाईट वाटलं नाही एवढंच म्हणतो.

वर्डप्रेस का, याचं कारण 'सगळे वापरतात' हे नाही, किंवा आहे पण वेगळ्या अर्थाने. जगातल्या दहापैकी चारहून जास्त साइट त्यावर आहेत, म्हणजे मी नसताना संस्थेला दुसरा माणूस सापडेल. छोटे सुरक्षा अपडेट २०१३ च्या ३.७ व्हर्जनपासून आपोआप होतात, कोणी बटण दाबायचं नाही. त्याच लोकप्रियतेमुळे हल्लेखोरही तिथेच टपलेले असतात, आणि भोकं बहुतेक वेळा मूळ वर्डप्रेसमध्ये नसतात, प्लगइनमध्ये असतात. म्हणून प्लगइनसाठी एकच प्रश्न ठेवला: हे उद्या काढून टाकलं तर लेखात काय उरेल? मागे एका कामात मी पेज बिल्डर, म्हणजे पान माऊसने ओढून सजवायचं प्लगइन, काढून बघितला होता, प्रत्येक पानावर मजकुराच्या जागी चौकोनी कंसांचं जंगल उरलं. त्यामुळे पेज बिल्डर नाही, साधा ब्लॉक एडिटर, जो २०१८ च्या ५.० पासून आतच आहे. एकूण प्लगइन सहा. अध्यक्षांचे सरकणारे फोटो यात बसले नाहीत, एक मोठा फोटो दिला, तो दर महिन्याला बदलतो, त्यांना पटलं.

आता माल हलवणं, ज्याला मी दोन आठवडे धरले होते आणि दोन महिने लागले.

पहिला दणका अक्षरांचा. जुना डेटाबेस स्वतःला लॅटिन समजत होता आणि आत भरलेली होती देवनागरी, युनिकोडमध्ये. जुन्या साइटवर सगळं ठीक दिसायचं कारण दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. नव्या डेटाबेसमध्ये सरळ नेलं तर प्रत्येक अक्षराच्या जागी परक्या चिन्हांची रांगोळी. उपाय असा की तो रकाना आधी नुसते बाइट्स म्हणून रूपांतरित करायचा आणि मग त्याला युनिकोड म्हणून ओळख द्यायची, थेट लॅटिनचं युनिकोड करायला गेलं की रांगोळी कायमची होते. आधी कॉपीवर करून बघा, मी पहिल्यांदा केलं नाही. बॅकअप होता म्हणून वाचलो.

दुसरा लिंकचा. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि त्याला डेटाबेसमध्ये जागा आहे २०० अक्षरांची. भरपूर वाटते ना? देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे तीन बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ. २०० भागिले ९, बावीस. काना-मात्रा-वेलांटी सगळ्या वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे शीर्षकाचे तीनचार शब्द झाले की पत्ता तुटतो, आणि मेसेजमध्ये ती लिंक टाकली की टक्क्यांची लांबलचक माळ. रोमन सोडून कुठल्याही लिपीत थोड्याफार फरकाने हेच. आम्ही पत्त्यात फक्त वर्ष आणि लेखाचा क्रमांक ठेवला. दिसायला रुक्ष, पण कधी तुटत नाही.

जुन्या लिंका मात्र जिवंत ठेवायच्या होत्या. त्या सगळ्या 'एकच फाइल आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून आयडी' अशा होत्या, आणि अपाचे या सर्व्हर सॉफ्टवेअरचा साधा रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारा नियम) प्रश्नचिन्हापुढचं बघतच नाही, हे कळायला माझा एक दिवस गेला. शेवटी प्रत्येक लेखाबरोबर जुना आयडी साठवला आणि पंधरा ओळींचा कोड लिहिला, जुना पत्ता आला की आयडी शोध आणि ३०१, म्हणजे 'पत्ता कायमचा बदललाय' हा संकेत, देऊन नव्या पत्त्यावर पाठव. नऊशे नियम हाताने लिहिण्यापेक्षा बरं.

फोटोंचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. वर्डप्रेस एका फोटोच्या वेगवेगळ्या मापांच्या प्रती करून ठेवतं, १५०, ३००, ७६८, १०२४, आणि २०१९ च्या ५.३ पासून १५३६ आणि २०४८ सुद्धा, मूळ फोटो फार मोठा असेल तर २५६० ची आणखी एक. चार हजार फोटोंच्या वीस-पंचवीस हजार फाइली सहज होतात, आणि स्वस्त होस्टिंगवर जागा शिल्लक असते पण फाइलींची संख्या संपते. आमची संपली. नको असलेली मापं बंद करून परत चढवले.

साइट सुरू झाल्यावर दोन तक्रारी आल्या. लेखकांना आम्ही 'कंट्रिब्यूटर' केलं होतं, म्हणजे लिहितील आणि ताई तपासून प्रसिद्ध करतील. पण कंट्रिब्यूटरला फोटो चढवताच येत नाही! मीही हे विसरलो होतो. एका ओळीत ती परवानगी देता येते, दिली. त्याच भूमिकेत प्रसिद्ध झालेला स्वतःचा लेखही नंतर बदलता येत नाही, यावर लेखक चिडले आणि ताई खूश झाल्या, ते तसंच ठेवलं.

दुसरी तक्रार, सकाळी सातला ठरवलेली सूचना अकराला दिसली. वर्डप्रेसचं घड्याळ खरं घड्याळ नाही, कोणी साइटवर आलं आणि पीएचपी चाललं तरच ते हलतं, आणि आम्ही पानांची कॅश, म्हणजे तयार पानांच्या साठवलेल्या प्रती, लावलेली, त्यामुळे लोक येऊनसुद्धा पीएचपी झोपलेलंच. ते आतलं घड्याळ बंद करून सर्व्हरच्या क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीला, दर पाच मिनिटांनी उठवायला लावलं, त्यानंतर तक्रार नाही.

दीड वर्ष झालं. सहातलं एक प्लगइन मधेच बेवारस झालं, बनवणाऱ्याने सोडून दिलं, ते काढलं, लेखांना काही झालं नाही. बॅकअपमधून साइट परत उभी करण्याची तालीम मी ताईंकडून एकदा करून घेतली, माझ्याशिवाय, हातात फक्त कागद. दीड तास लागला, कागदात दोन पायऱ्या चुकीच्या निघाल्या.

त्या तीनशे पीडीएफ मात्र अजून नीट बसलेल्या नाहीत. वर्डप्रेसचा शोध पीडीएफच्या आत बघत नाही, आणि निम्मे अंक तर स्कॅन केलेले फोटोच आहेत. मी ओसीआरच्या, म्हणजे फोटोतला मजकूर ओळखून काढण्याच्या, मागे लागलो होतो. एक दिवस ताई म्हणाल्या, 'तुम्हाला माझी एक्सेल दाखवू का?' त्यांनी कित्येक वर्षं प्रत्येक अंकातल्या प्रत्येक लेखाची नोंद ठेवलेली, अंक, पान, शीर्षक, लेखक, विषय, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. कोणी मागितलेली नाही, कोणाला माहीतही नाही. ती सीएसव्ही, म्हणजे साधी मजकुराची फाइल, करून सहावा मजकूर-प्रकार म्हणून आत घेतली, रकाने जसेच्या तसे. आता साइटवर शोध केला की आधी त्यांच्या नोंदी वर येतात. 'शेरा' मी लोकांना दिसू दिलेला नाही, कारण त्यात काही लेखकांबद्दल बरंच स्पष्ट लिहिलंय.